मानमोडीचा वंशवृक्ष

श्रीवर्धनला बाहेरचे जग दोन वेगळ्या वाटांनी येऊन भिडते, आणि इन्फ्लुएन्झाच्या जागतिक साथी कोठून उपजतात हे समजून घेताना या दोन वाटांची गल्लत होऊ न देणे महत्त्वाचे आहे. पहिली वाट माणसांची. ती एकेकाळी मुंबईच्या गोदीतून सुटणाऱ्या आगबोटींची व पडावांची होती, आज ती माणगाव-म्हसळ्याच्या रस्त्याने, दिघी-आगरदांड्याच्या किंवा बागमांडले-वेसवीच्या फेरीबोटीने येते. दुसरी वाट पक्ष्यांची आहे. पावसाळा ओसरला की उत्तर व मध्य आशियातील विणीचे प्रदेश सोडून निघालेले कुरव, तुतवार आणि चिखल्या रायगडच्या पुळणींवर व खाड्यांच्या चिखलात उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात; पक्षिशास्त्रात या प्रवासाच्या पट्ट्याला मध्य आशियाई उड्डाणमार्ग म्हणतात. माणसांत रुळलेला फ्लू पहिल्या वाटेने गावात येतो, तर ज्यांच्या जनुकांतून असा फ्लू घडतो ते विषाणू दुसऱ्या वाटेवर सतत फिरत असतात. साथ कुठून आली आणि साथीचा विषाणू कुठून उपजला हे दोन प्रश्न म्हणूनच निराळे आहेत, आणि गेल्या शंभर वर्षांच्या वादांतला बराचसा गोंधळ ते एकच समजल्यामुळे झालेला आहे.

ज्या वर्षी इन्फ्लुएन्झाची जागतिक साथ, म्हणजे मानमोडी, आली त्या १९१८ साली श्रीवर्धन ब्रिटिश अमलाखालच्या कुलाबा जिल्ह्यात नव्हते; मुरूड आणि म्हसळ्याप्रमाणे ते सिद्दी नवाबाच्या जंजिरा संस्थानात मोडत होते. ही सीमा कारभारापुरती होती, रोजच्या व्यवहारापुरती नव्हती, कारण इथल्या वाड्यांतील सुपारी मुंबईच्या बाजारात जात असे आणि कोकणातील कष्टकरी माणूस मुंबईच्या गिरण्यांत, गोदीत आणि घरकामात राबत असे. त्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस मुंबई बंदरात सैनिकांना घेऊन आलेले एक जहाज लागले, आणि १० जूनला गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई हिवतापाशी न जुळणाऱ्या तापाने रुग्णालयात दाखल झाले. महापालिकेचे आरोग्याधिकारी जे. ए. टर्नर यांचे म्हणणे असे की रोग जहाजातून उतरला. सरकारी बाजू अशी की जहाजावरच्या लोकांनाच तो मुंबईत जडला. उगमाबद्दलचा हा मुंबईतला पहिला वाद होता, आणि साथीचा उगम दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवण्याची जी खोड पुढे प्रत्येक साथीत दिसली ती त्यात स्पष्ट दिसते.

जूनमधील लाट बरीच पसरली, पण तिने जीव तुलनेने कमी घेतले. सप्टेंबरमध्ये उठलेली दुसरी लाट वेगळीच होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एकाच दिवशी मुंबईत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. या दोन लाटांच्या मधल्या काळाचा कोकण किनाऱ्याच्या दृष्टीने विचार केला तर एक गोष्ट लक्षात येते. पावसाळ्यात किनाऱ्यावरची आगबोट वाहतूक बंद असे आणि पडाव व मचवे किनाऱ्याला ओढून शाकारलेले असत. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला होई, आणि त्या वर्षी गणेश चतुर्थी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली होती. म्हणजे सौम्य लाट आली तेव्हा बंदरे बंद होती आणि घातक लाट उठू लागली तेव्हा मुंबईचा चाकरमानी गावाकडे निघण्याचे दिवस होते. श्रीवर्धन, मुरूड, हरिहरेश्वर या पट्ट्यात मानमोडी नेमकी कोणत्या दिवशी शिरली हे यावरून ठरत नाही, परंतु पहिल्या लाटेत सौम्य आजार होऊन गेलेल्यांना दुसऱ्या लाटेत काही अंशी संरक्षण मिळाल्याचे पुरावे जगात इतरत्र आढळले आहेत, आणि त्या दृष्टीने पाहता पावसाळ्याने तोडलेला किनारा हा सुरक्षित किनारा होता असे समजण्याचे कारण नाही. उलटही घडले असण्याची शक्यता आहे.

मुंबई इलाख्यात या साथीने दहा लाखांहून अधिक माणसे नेली, आणि संपूर्ण हिंदुस्थानात गेलेल्या माणसांचे अभ्यासकांचे अंदाज साधारण १ कोटी २० लाख ते १ कोटी ८० लाख यांच्या दरम्यान आहेत. पाऊस फसला होता, धान्य महागले होते, आणि इतर फ्लूंप्रमाणे केवळ म्हातारे व तान्ही मुले यांच्यावर न थांबता या तापाने वीस ते चाळीस वयाच्या धडधाकट माणसांना गाठले. मुंबई शहरातील नोंदींत त्या वेळच्या भाषेत ‘कनिष्ठ जातीचे हिंदू’ म्हणून दाखवलेल्या गटात मृत्यूचे प्रमाण दर हजारी ६१.६ होते, तर युरोपीयांमध्ये ते ८.३ होते. विषाणू दोघांना एकच होता. कोणाच्या घरात किती मरावे हे चाळीतली दाटी, उपासमार आणि शुश्रूषा करणारे हात यांनी ठरवले. विषाणूच्या उगमाचा शोध कितीही पुढे गेला तरी या आकड्यांचे उत्तर त्यात सापडत नाही.

त्या वेळी रोगाचे कारणच माहीत नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ रिचर्ड फायफर यांनी १८९२ साली रुग्णांच्या कफात पाहिलेला एक जिवाणू फ्लूचे कारण मानला जात होता आणि जगभरच्या प्रयोगशाळा त्याचाच माग काढत होत्या. अमेरिकेत रिचर्ड शोप यांनी डुकरांच्या फ्लूचे कारण जिवाणूपेक्षा सूक्ष्म, गाळणीतून आरपार जाणारे असल्याचे दाखवले, आणि १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसातील इन्फ्लुएन्झाचा विषाणू वेगळा केला. डुकराचा विषाणू माणसाच्या विषाणूच्या आधी हाती लागला हा क्रम त्या वेळी योगायोग वाटला असेल. आज पाहता तो पुढच्या सगळ्या कथेची नांदी होती.

इन्फ्लुएन्झाच्या विषाणूंचे अ, ब, क, ड असे प्रकार मानले जातात, आणि जागतिक साथी केवळ अ प्रकाराच्या विषाणूंनी घडवल्या आहेत. या विषाणूचा जनुकसंच, म्हणजे त्याच्या गुणधर्मांची आरएनए रेणूंत लिहिलेली सारी माहिती, एका सलग धाग्यात नसून आठ सुट्या तुकड्यांत विभागलेला असतो. विषाणूच्या पृष्ठभागावर दोन प्रथिने उभी असतात: हिमॅग्लुटिनिन, ज्याच्या साहाय्याने तो पेशीला चिकटून आत शिरतो, आणि न्युरामिनिडेज, ज्याच्या साहाय्याने नवे विषाणू पेशीपासून सुटे होतात. ‘एच१एन१’, ‘एच५एन१’ ही नावे या दोन प्रथिनांच्या क्रमांकांवरून पडली. पहिल्याचे सोळा आणि दुसऱ्याचे नऊ प्रकार पाणपक्ष्यांत सापडतात, तर काही थोडे निराळे प्रकार अमेरिका खंडातील वटवाघळांत आढळले आहेत. माणसांत आजवर जागतिक साथ माजवून स्थिरावलेले हिमॅग्लुटिनिनचे प्रकार मात्र निःसंशयपणे तीनच: एच१, एच२ आणि एच३.

या विषाणूंचे खरे माहेर म्हणजे बदके, हंस, कुरव आणि किनाऱ्यावरचे पाणपक्षी. बदकांत विषाणू फुप्फुसापेक्षा आतड्यात वाढतो, विष्ठेतून पाण्यात जातो, थंड पाण्यात बराच काळ टिकतो, आणि बहुतेक प्रकारांत पक्षी आजारीही पडत नाही. एच१३ आणि एच१६ हे प्रकार तर प्रामुख्याने कुरवांचेच मानले जातात. श्रीवर्धनच्या पुळणीवर हिवाळ्यात उतरलेल्या कुरवांच्या थव्यातील काही पक्ष्यांत इन्फ्लुएन्झाचा एखादा विषाणू असणे यात अघटित काहीच नाही. त्यापासून गावच्या जीवना बंदरात मासळी निवडणाऱ्या कोळिणीला फ्लू होत नाही, याचे कारण पेशीच्या दारात आहे. हिमॅग्लुटिनिन ज्या शर्करेला चिकटते तिचे, म्हणजे सायलिक आम्लाचे, टोक पक्ष्यांच्या आतड्यात ‘अल्फा २-३’ नावाच्या जोडणीचे असते, तर माणसाच्या घशात व श्वासनलिकेत ते प्रामुख्याने ‘अल्फा २-६’ जोडणीचे असते. पक्ष्यांचा विषाणू माणसाच्या फुप्फुसाच्या अगदी खोल भागात क्वचित चिकटू शकतो आणि तेव्हा आजार भयंकर होतो, पण घशातच न रुजणारा विषाणू खोकल्याशिंकेतून दुसऱ्याकडे सहज जात नाही. साथीचा उगम म्हणजे नेमका हा अडसर ओलांडणे.

तो ओलांडण्याच्या दोन रीती आहेत. विषाणूच्या आरएनएची नक्कल करणारे विकर चुका सुधारत नाही, त्यामुळे प्रत्येक पिढीत बारीकसारीक बदल साचत जातात आणि त्यांतले काही बदल हिमॅग्लुटिनिनची पकड एका शर्करेवरून दुसरीवर नेतात. १९१८ च्या विषाणूत ही अदलाबदल प्रथिनातील केवळ एक-दोन ठिकाणच्या फरकाने झाली होती. दुसरी रीत अधिक धाडसी आहे. एकाच पेशीत दोन वेगळे विषाणू एकाच वेळी शिरले, तर त्यांचे आठ-आठ तुकडे, पत्त्यांचे दोन कॅट एकत्र पिसावेत तसे, एकमेकांत मिसळतात आणि बाहेर पडणाऱ्या विषाणूंत दोन्हींकडचे तुकडे कोणत्याही मेळाने येऊ शकतात. दोन विषाणूंपासून असे २५६ मेळ संभवतात. याला जनुकांची पुनर्मांडणी म्हणतात. बहुतेक मेळ निकामी असतात. ज्या एखाद्या मेळात माणसाच्या पेशीत उत्तम वाढणारे जुने तुकडे आणि माणसाच्या प्रतिकारशक्तीने कधी न पाहिलेले नवे हिमॅग्लुटिनिन एकत्र येते, त्यातून जागतिक साथ संभवते. डुकराच्या श्वसनमार्गात दोन्ही प्रकारच्या शर्करा सापडतात, म्हणून ख्रिस्टोफ शॉल्टिसेक यांनी १९८० च्या दशकात डुक्कर हे या मिश्रणाचे भांडे असल्याची कल्पना मांडली. पुढे लाव्यासारख्या पक्ष्यांत आणि खुद्द माणसातही असे मिश्रण होऊ शकते हे दिसून आले, तरी कल्पनेचा गाभा टिकून राहिला.

१९१८ च्या विषाणूचा चेहरा प्रत्यक्ष दिसायला जवळजवळ ऐंशी वर्षे जावी लागली. जेफ्री टॉबेनबर्गर यांच्या गटाने अमेरिकी लष्कराच्या संग्रहातील मृत सैनिकांच्या जपून ठेवलेल्या ऊतींमधून १९९७ साली त्याच्या जनुकांचे पहिले तुकडे वाचले. ते वाचून योहान हुल्टिन हा सत्तरी ओलांडलेला शास्त्रज्ञ अलास्कातील ब्रेव्हिग मिशन या वस्तीत, जिथे तो १९५१ साली एकदा जाऊन अपयश घेऊन आला होता, पुन्हा गेला आणि कायम गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका स्त्रीच्या फुप्फुसाचे नमुने घेऊन आला. २००५ पर्यंत आठही तुकड्यांचे वाचन पूर्ण झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेतील कडेकोट प्रयोगशाळेत तो विषाणू पुन्हा जिवंत करण्यात आला. टॉबेनबर्गर यांच्या मते आठही तुकडे पक्ष्यांच्या विषाणूंना इतके जवळचे होते की विषाणू पक्ष्यांकडून जवळपास थेट आला असावा. मायकेल वोरोबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली वेगळे चित्र मांडले: एच१ हिमॅग्लुटिनिन माणसांत १९१८ च्या कित्येक वर्षे आधीपासून होते आणि त्याला पक्ष्यांकडचे इतर तुकडे नंतर येऊन मिळाले. हे घडले कुठे, अमेरिकेतील कॅन्ससमध्ये, फ्रान्समधील एतापल्सच्या लष्करी छावणीत की चीनमध्ये, याचा निकाल लागलेला नाही, आणि तुकडे वेगवेगळ्या काळी एकत्र आले असतील तर या प्रश्नाला एकाच गावाचे नाव उत्तर म्हणून मिळेल अशी अपेक्षाच चुकीची ठरते.

उगमाच्या जागेपेक्षा वंशाची कथा अधिक बोलकी आहे. १९१८ च्याच शरद ऋतूत अमेरिकेच्या मध्यभागातील डुकरांत माणसांच्या तापासारखाच ताप पसरला. माणसांकडून तो विषाणू डुकरांत गेला आणि तिथे वेगळा राहून टिकला. माणसांतील शाखा दरवर्षीच्या फ्लूच्या रूपाने १९५७ पर्यंत चालली. त्या वर्षी चीनमधून निघालेल्या एच२एन२ विषाणूने तिला हुसकावले. त्याने हिमॅग्लुटिनिन, न्युरामिनिडेज आणि आणखी एक असे तीन तुकडे पक्ष्यांकडून घेतले होते, उरलेले पाच मानमोडीच्या वंशातले होते. भारतात तो मे महिन्यात मद्रास बंदरातून, सिंगापूरहून आलेल्या जहाजाबरोबर शिरला. १९६८ च्या हाँगकाँग फ्लूने पुन्हा पक्ष्यांचे दोन तुकडे उचलले आणि एच३एन२ रूढ झाला. १९७७ साली मात्र विचित्र गोष्ट घडली: एच१एन१ परतला, आणि तो १९५० च्या सुमाराच्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळत होता. वीसपंचवीस वर्षे निसर्गात फिरलेला विषाणू इतका न बदलता राहूच शकत नाही, म्हणून तो गोठवून ठेवलेल्या साठ्यातून, बहुधा एखाद्या लसीच्या चाचणीतून, सुटला असे बहुतेक अभ्यासक मानतात. पक्षी आणि डुक्कर यांच्या जोडीला प्रयोगशाळेतील शीतकपाट हाही एक उगम असू शकतो, हे या साथीने कागदावर आणले.

डुकरांतील शाखा दरम्यान आपल्या गतीने चालली होती. १९९८ च्या सुमारास उत्तर अमेरिकेतील डुकरांत तीन वंश एकत्र आले: डुकरांचा जुना वंश, माणसांचा एच३एन२ आणि पक्ष्यांचा एक विषाणू. त्यात पुढे युरोप-आशियातील डुकरांत १९७९ पासून नांदणाऱ्या एका विषाणूचे दोन तुकडे मिसळले, आणि २००९ साली मेक्सिकोतून हा विषाणू माणसांत उतरला. मेक्सिकोच्या डुकरांवरील नंतरच्या अभ्यासाने तो त्या देशाच्या मध्य-पश्चिम भागातील डुकरांत घडल्याचे दाखवले; इथे निदान जागेचा प्रश्न बऱ्यापैकी सुटला. भारतातील त्याचा पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्यात नोंदला गेला आणि काही आठवडे पुणे हेच देशातील साथीचे केंद्र बनले. राष्ट्रीय विषाणू संस्था, जिची स्थापना १९५२ साली रॉकफेलर प्रतिष्ठानच्या मदतीने विषाणू संशोधन केंद्र म्हणून झाली होती, त्याच शहरात असणे ही त्यातल्या त्यात सोय होती. पुण्यात २००९ साली लोक ज्या विषाणूला घाबरून तोंडाला रुमाल बांधत होते त्याचे हिमॅग्लुटिनिन १९१८ च्या विषाणूचे थेट वंशज होते. डुकरांत नव्वद वर्षे राहून ते माणसांत परतले होते. या वंशाचा एक पुरावा माणसांच्या रक्तातही होता. जगभर असे दिसले की १९५७ पूर्वी जन्मलेल्या अनेकांच्या रक्तात या ‘नव्या’ विषाणूला ओळखणारी प्रतिद्रव्ये आधीपासून होती, कारण त्यांच्या बालपणी मानमोडीची माणसांतील शाखा अजून फिरत होती. म्हाताऱ्यांपेक्षा तरुण अधिक आजारी पडले ते त्यामुळे.

पक्ष्यांच्या वाटेवर आज ज्याच्याकडे सर्वांचे लक्ष आहे तो एच५एन१ याहून वेगळा आहे, कारण त्याने अद्याप माणसांत वंश चालवलेला नाही. १९९६ साली दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातील हंसांत तो सापडला. १९९७ मध्ये हाँगकाँगमध्ये १८ माणसांना झाला व ६ दगावली. २००५ मध्ये चीनमधील चिंगहाई सरोवरावर हजारो वन्य पक्षी त्याने मारले, ज्यांत भारतात हिवाळ्याला येणारे पट्टकादंब मोठ्या संख्येने होते. आणि फेब्रुवारी २००६ मध्ये तो नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरच्या कुक्कुटपालन केंद्रांत आढळला. भारतातील ती पहिली नोंद. तिथल्या लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. विषाणू स्थलांतरित पक्षी आणतात की कोंबड्यांचा, खाद्याचा व खुराड्यांचा व्यापार, हा वाद तेव्हापासून चालू आहे, आणि दोन्ही मार्ग खरे असल्याचे पुरावे जगात मिळालेले आहेत. पक्षी रोग आणतात का, हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. कर्नाटकातील क्यासनूर जंगलातील तापाचा विषाणू पुण्याच्या केंद्राने १९५७ साली ओळखल्यानंतर, तो सायबेरियाकडून पक्ष्यांवरील गोचिडांतून आला असेल का हे तपासण्यासाठी बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीने जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने पक्ष्यांच्या पायांत कडी घालण्याची मोहीम हाती घेतली होती. तिचे धुरीण पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली होते.

जानेवारी २०२१ मध्ये परभणीतील मुरुंब्याच्या कोंबड्यांबरोबर दापोलीच्या मेलेल्या कावळ्यांतही बर्ड फ्लू निघाला. दापोली म्हणजे श्रीवर्धनहून सावित्रीची खाडी ओलांडून दक्षिणेला. जानेवारी २०२५ मध्ये तो रायगड जिल्ह्यातच, उरण तालुक्यातील चिरनेरच्या कोंबड्यांत आढळला, आणि त्याच सुमारास नागपूरच्या गोरेवाड्यात तीन वाघ व एक बिबट्या त्याने दगावल्याचे स्पष्ट झाले. कावळा आणि गावठी कोंबडी हे या कथेतले दुय्यम वाटणारे पण प्रत्यक्षात निर्णायक प्राणी आहेत, कारण कुरव पुळणीवर राहतो, माणूस घरात राहतो, आणि दोघांमध्ये ये-जा करतात ते हेच. या भागात एक जोड मात्र बरीच सैल आहे: भारतातील डुक्करपालन मुख्यतः ईशान्येकडील राज्यांत एकवटलेले असून कोकणात ते तुरळक आहे. परंतु मार्च २०२४ पासून अमेरिकेतील दुभत्या गाईंत एच५एन१ पसरला आणि कासेच्या ऊतींत पक्ष्यांच्या धर्तीच्या शर्करा सापडल्या, तेव्हापासून मिश्रणाचे भांडे म्हणजे डुक्करच हे गृहीत धरणे कठीण झाले आहे.

२००३ पासून जगात नऊशेहून अधिक माणसांना एच५एन१ झाल्याची नोंद असून त्यांतील जवळजवळ निम्मी दगावली, तरी माणसाकडून माणसाकडे त्याची सलग साखळी कुठेही जमलेली नाही. २०१२ साली नेदरलँड्स व अमेरिकेतील दोन गटांनी फेरेट या मुंगुसासारख्या प्राण्यात हवेतून पसरणारा एच५ घडवून दाखवला, त्याला मोजकेच बदल पुरले; आणि २०२४ च्या अखेरीस गाईंतील विषाणूच्या हिमॅग्लुटिनिनमध्ये २२६ व्या स्थानावरचा एकच घटक बदलला की त्याची पकड माणसाच्या शर्करेकडे वळते असे प्रयोगशाळेत दिसले. पकड वळणे म्हणजे साथ नव्हे. नक्कल करणारे विकर माणसाच्या पेशीच्या तापमानाला रुळावे लागते आणि हिमॅग्लुटिनिन शिंकेच्या थेंबात टिकण्याइतके स्थिर व्हावे लागते. हे तिन्ही बदल एकाच विषाणूत कधी जुळतील हे पक्ष्यांच्या उड्डाणमार्गावरून सांगता येत नाही. जुळले, तर तो विषाणू श्रीवर्धनला कुरवांबरोबर नव्हे, माणसांच्या वाटेने येईल.